तीन चाकांवरचे वळण

इंग्लंडच्या दक्षिणेकडील गुडवूडच्या शर्यतमार्गावर 1966 मध्ये बंद झालेल्या शर्यती 1998 पासून ‘गुडवूड रिव्हायव्हल’च्या रूपाने पुन्हा भरू लागल्या. त्यांतल्या सेंट मेरीज ट्रॉफीत पन्नास-साठच्या दशकांतल्या सलून गाड्या, म्हणजे एरवी कुटुंबाला घेऊन बाजारात जाणाऱ्या मोटारी, परस्परांना खेटून धावतात. या गाड्यांचे आकर्षण केवळ गतकाळाच्या ओढीने समजावता येत नाही. एरवी समीकरणांत दडून राहणारे यंत्रशास्त्र त्या उघड्या डोळ्यांना दाखवतात, हे त्याचे खरे कारण आहे असे मला वाटते.

पांढऱ्या रंगाची, हिरवा पट्टा असलेली लोटस कॉर्टिना पाहा. फॉर्म्युला वनचा विश्वविजेता जिम क्लार्क याने 1964 ची ब्रिटिश सलून कार स्पर्धा याच गाडीने जिंकली, आणि वळणावर तिचे आतले पुढचे चाक हवेत उचलले गेल्याची त्याची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. एकूण किती भार सरकेल हे गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधले अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरते. पण त्यातला किती वाटा पुढच्या चाकांनी उचलायचा आणि किती मागच्यांनी, हे अभियंता ठरवू शकतो. कॉर्टिनाचे पुढचे अंग झुकण्याला अधिक ताठ ठेवल्यामुळे बहुतेक भार पुढेच सरकतो, आतले पुढचे चाक रिकामे होऊन वर येते, आणि इंजिनाची ताकद रस्त्यावर उतरवणारी मागची दोन्ही चाके मात्र जमिनीला घट्ट धरून राहतात. मिनी कूपरचे इंजिन पुढची चाके फिरवते, म्हणून तिच्यात नेमके उलट घडते आणि आतले मागचे चाक उचलले जाते.

मिनीची दुसरी बाजूही तितकीच विलक्षण आहे. सुमारे दीड टनाची 3.8 लिटरची जॅग्वार मार्क 2 ताशी 180 किलोमीटर वेगाने वळणाकडे आली, आणि साधारण 650 किलोची मिनी 150 च्या वेगाने आली, तर ब्रेकना शोषावी लागणारी गतिज ऊर्जा जॅग्वारमध्ये तिपटीहून अधिक असते. जॅग्वारच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, तरीही तिला मिनीपेक्षा आधी ब्रेक लावावे लागतात आणि सरळ रस्त्यावर मिळवलेली आघाडी ती वळणाशी गमावते, आणि अशी चुरस एकाच फेरीत अनेकदा पाहायला मिळते.

सर्वांत मोठी मौज टायरांची आहे. चाकाचे तोंड ज्या दिशेला असते आणि चाक प्रत्यक्षात ज्या दिशेने जाते, त्या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. त्या काळच्या क्रॉस-प्लाय टायरची (ज्यात आतल्या धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदतात) पकड आजच्या रेडियलपेक्षा (ज्यात ते धागे टायरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात) मोठ्या कोनाला शिगेला पोहोचते आणि तिथून हळूहळू उतरते, एकदम तुटत नाही. त्यामुळे चालकाला गाडी तिरकी घसरती ठेवून सुकाणूच्या बारीक हालचालींनी सांभाळता येते आणि प्रेक्षकांना त्याचे हात दिसत राहतात. या गाड्यांना आधुनिक रुंद टायर लावले, तर वेळ कमी लागेल, पण पाहण्याजोगे बरेच काही हरवेल. म्हणूनच ऐतिहासिक शर्यतींचे नियम त्या काळच्या घडणीच्या टायरांचा आग्रह धरतात, तो मला पूर्णपणे रास्त वाटतो.