रोज कामावर जाणारा माणूस रस्त्यावर कसा येतो?

नागपूरला बर्डीच्या उड्डाणपुलाखाली झोपलेली माणसं दिसली की लोक लगेच निकाल देऊन मोकळे होतात, दारुडा असेल, कामाचा कंटाळा असेल. दारू, आजारपण, घरची भांडणं ही कारणं आहेतच. पण अमेरिकेत बघा, वेस्ट व्हर्जिनिया राज्यात नशेने मरणाऱ्यांचं प्रमाण कित्येक वर्षं देशात सगळ्यात वरचं, तरी बेघर लोकांचं प्रमाण कॅलिफोर्नियाच्या मानाने कितीतरी कमी, कारण वेस्ट व्हर्जिनियात घरं स्वस्त आहेत.

मला माणूस असा रस्त्यावर येण्यातलं गणित फार आवडतं. १६५६ मध्ये पास्कल या गणितज्ञाने फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाला घातलेलं कोडं, जुगाऱ्याचं दिवाळं, म्हणजे खेळत राहणारा जुगारी कफल्लक व्हायची शक्यता किती.

ठिय्यावर, म्हणजे मजूर कामाची वाट बघतात त्या नाक्यावर, उभा राहणारा मजूर घ्या. जवळ ५ हजार शिल्लक. काम लागलं तर आठवड्याला सगळा खर्च जाऊन हजार उरतात, नाही लागलं तर हजार घटतात, कारण मे महिन्यात ४५ डिग्रीत काम बंद, पावसाळ्यात स्लॅब बंद, मधेच पोराला ताप, आणि भाडं मात्र थांबत नाही. समजा दोन्हीची शक्यता निम्मी-निम्मी. म्हणजे सरासरी काढली तर कमाई आणि खर्च बरोबर, वाटतं की याचं बरं चाललंय. पण ५ चे १० हजार होण्याआधी शून्यावर यायची शक्यता निम्मी. वाचला तर १० चे २० होण्याआधी पुन्हा निम्मी, मग ४० ला पुन्हा निम्मी. वाचण्याची शक्यता अर्धी, पाव, अर्धपाव अशी घटतच जाते, म्हणजे कधी ना कधी तो शून्यावर येणारच, १०० टक्के!

आता मजुरी थोडी वाढवून हजार उरणारे आठवडे शंभरात ५५ करा. शून्यावर यायची शक्यता ४५ भागिले ५५ चा पाचवा घात, म्हणजे साधारण ३७ टक्के. ६० केले तर फक्त १३. मजुरीतल्या थोड्या वाढीने एवढा फरक पडतो, आणि लोक याला साडेसाती म्हणून शनीला तेल वाहतात! शनीचा काही संबंध नाही हो, मजुरीचा आहे.

राज्यघटनेच्या कलम ४३ मध्ये निर्वाह वेतन लिहिलेलंच आहे. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने तर किमान वेतनाचा हिशोबच मांडला, मोठ्या माणसाला रोज २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, वर घरभाडं आणि इंधन. आणि २०१७ मध्ये केंद्राची किमान पातळी किती, तर दिवसाला १७६ रुपये. २०१९ मध्ये तज्ज्ञ समितीने ३७५ सुचवले होते.

या गणितात शून्यावर गेलं की खेळ संपतो, आणि खऱ्या आयुष्यातही जवळपास तसंच होतं. डिपॉझिट नाही म्हणून खोली नाही, खोली नाही म्हणून पत्ता नाही, झोप नाही, सामान चोरीला जातं, मग ठिय्यावर मुकादम दुसऱ्यालाच उचलतो. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा सांगितला, तो हवाच, पण तिथून भाड्याच्या खोलीत जायला डिपॉझिटची मदत आणि पुरेशी मजुरी दोन्ही एकदमच लागतात.