पाहुणा खेळाडू, तुटपुंजा पगार: अमेरिकी बेसबॉलमधील यजमान कुटुंबांची पार्श्वभूमी

अमेरिकेतील लहानमोठ्या शहरांत हंगाम जवळ आला की स्थानिक बेसबॉल क्लब रहिवाशांना एक विनंती करतात. ज्यांच्या घरी एखादी खोली रिकामी असेल, त्यांनी हंगामापुरता एक खेळाडू ठेवून घ्यावा, अशी ती विनंती असते. खेळाडू विशीच्या आसपासचा असतो. कधी दूरच्या राज्यातला, तर कधी डॉमिनिकन रिपब्लिक किंवा व्हेनेझुएलाहून आलेला आणि जेमतेम इंग्रजी येणारा. घरमालकाच्या पदरात बहुतेक वेळा सामन्यांचे मोफत पास पडतात, फारच थोड्या ठिकाणी किरकोळ भत्ता मिळतो. अशा घरांना तिकडे ‘होस्ट फॅमिली’ म्हणतात. या प्रथेविषयी बोलताना जिव्हाळ्याचा भाग नेहमी पुढे येतो आणि तो खोटाही नाही. परंतु अब्जावधी डॉलरची उलाढाल असलेल्या खेळात खेळाडूंच्या निवाऱ्याची जबाबदारी गावकऱ्यांच्या भलेपणावर का आणि कशी येऊन पडली, याचा इतिहास त्या जिव्हाळ्याइतकाच सांगण्याजोगा आहे.

त्या इतिहासातील सर्वांत कठोर प्रकरण वर्णभेदाचे आहे. १९४६ च्या वसंतात जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्सच्या मॉन्ट्रियल येथील दुय्यम संघाकडून सरावासाठी फ्लोरिडात आला. सॅनफर्ड या गावी गोऱ्या खेळाडूंची सोय तळ्याकाठच्या हॉटेलात झाली. रॉबिन्सन, त्याची नवपरिणीत पत्नी रेचल आणि सहकारी जॉन राइट यांना मात्र त्या हॉटेलाचा दरवाजा बंद होता. त्यांना डेव्हिड ब्रॉक या कृष्णवर्णीय व्यावसायिकाच्या घरी उतरावे लागले. तेथेही धमक्या आल्या आणि अवघ्या दोन-तीन दिवसांत त्यांना डेटोना बीचला हलवण्यात आले, जेथे जो हॅरिस आणि डफ हॅरिस या दांपत्याने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. त्याच डेटोनात १७ मार्च १९४६ रोजी रॉबिन्सन डॉजर्सच्या मुख्य संघाविरुद्ध सराव सामना खेळला. ही सारी व्यवस्था लावण्यात वेंडेल स्मिथ या कृष्णवर्णीय पत्रकाराचा मोठा हात होता. नंतरच्या वर्षी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत, दाखल झाला. मैदानावरची भिंत पडली, पण दक्षिणेतील हॉटेलांची भिंत पुढे पंधरा वर्षे तशीच उभी राहिली.

या पंधरा वर्षांत फ्लोरिडात सरावाला येणारे कृष्णवर्णीय खेळाडू, अगदी नामवंतसुद्धा, कृष्णवर्णीय वस्तीतील शिक्षक, डॉक्टर किंवा खाणावळ चालवणाऱ्या विधवांच्या घरी राहत असत. संघाचे व्यवस्थापन अशा घरांची यादी हाताशी ठेवी आणि आपले कर्तव्य संपले असे मानी. सेंट पीटर्सबर्ग येथील डॉ. राल्फ विम्बिश हे या कामात पुढे असत. यँकीज संघाचा एल्स्टन हॉवर्ड त्यांच्याच घरी राहत असे. परंतु १९६१ च्या सुरुवातीला याच विम्बिश यांनी जाहीर केले की यापुढे आपण खेळाडूंसाठी घरे शोधून देणार नाही, कारण आपली मदत हॉटेलमालकांच्या आणि संघांच्या पथ्यावर पडते आणि अन्याय सुखाने चालू राहतो. मला या संपूर्ण इतिहासात हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दार उघडणे हे चांगले काम असते, पण काही वेळा त्या उघड्या दारामुळेच बंद दारवाल्यांना जाब विचारला जात नाही, हे यजमानानेच ओळखले होते. त्याच वर्षी वेंडेल स्मिथनेही शिकागोतील वृत्तपत्रातून हा विषय लावून धरला. परिणाम लवकर दिसले. यँकीजनी १९६२ मध्ये आपला सराव सेंट पीटर्सबर्गहून फोर्ट लॉडरडेलला हलवला, जेथे सारा संघ एकत्र राहू शके, तर सेंट लुई कार्डिनल्सचे गोरे आणि कृष्णवर्णीय खेळाडू सहकुटुंब एकाच मोटेलात राहू लागले.

दुसरा धागा हौशी खेळाचा आहे आणि तो बराच सुखाचा आहे. मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड बेसबॉल लीगची रीतसर स्थापना १९२३ मध्ये झाली, आणि १९६३ पासून ती महाविद्यालयीन खेळाडूंची उन्हाळी लीग बनली. महाविद्यालयीन खेळाडूने खेळण्याचे पैसे घेऊ नयेत, असा महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचा दंडक होता. त्यामुळे देशभरातून आलेल्या मुलांना निवारा द्यायचा तर तो कोणाच्या तरी घरातच शक्य होता. शिवाय केप कॉड हे समुद्रकाठचे पर्यटनस्थळ असल्याने नेमक्या जून ते ऑगस्ट या काळात तेथील भाडी आकाशाला भिडलेली असतात. म्हणून अनेक वर्षे अशी रीत होती की खेळाडूने सकाळी एखाद्या दुकानात, हिरवळ कापण्याच्या कामावर किंवा लहान मुलांच्या बेसबॉल शिबिरात राबावे, संध्याकाळी खेळावे आणि रात्री यजमानांकडे झोपावे. दहा संघांचा हा डोलारा आजही मुख्यतः स्वयंसेवकांवर उभा आहे. सामन्याला तिकीट नसते, टोपी किंवा डबा फिरवून वर्गणी गोळा होते. कार्लटन फिस्क, फ्रँक थॉमस आणि अलीकडचा आरन जज असे अनेक खेळाडू या लीगमधून पुढे गेले. अलास्कातील फेअरबँक्स येथे १९६० मध्ये सुरू झालेला गोल्डपॅनर्स हा संघ आणि १९९४ पासूनची मध्य-पश्चिमेतील नॉर्थवुड्स लीग यांनीही हीच पद्धत स्वीकारली.

व्यावसायिक मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या श्रेणींत, मात्र असा कोणताही हौशीपणाचा दंडक नव्हता. तेथील कारण निव्वळ आर्थिक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मायनर लीगची भरभराट झाली होती. १९४९ मध्ये ५९ लीग चालू होत्या आणि वर्षभरात सुमारे ४ कोटी प्रेक्षक मैदानावर आले होते. पुढे घरोघरी दूरचित्रवाणी आली, मोठे सामने घरबसल्या दिसू लागले आणि लहान गावांतील मैदाने ओस पडली. हा व्यवसाय वाचवण्यासाठी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जी फेररचना झाली, तिच्यात खर्चाची वाटणी ठरली. खेळाडूंचा पगार मेजर लीगमधील मूळ संघाने द्यायचा, आणि मैदान, प्रवास व बाहेरगावची हॉटेले स्थानिक मालकाने पाहायची. या वाटणीत एक फट राहून गेली. संघ आपल्याच गावी खेळत असताना खेळाडूने राहायचे कोठे, हा खर्च दोघांपैकी कोणाच्याच खात्यात नव्हता. तो खेळाडूच्या खिशातून जाई.

खिशात मात्र फारसे काही नसे. २०२० पर्यंत खालच्या श्रेणीतील किमान पगार आठवड्याला २९० डॉलर होता, आणि तोही फक्त हंगामाच्या पाच महिन्यांचा. भाडेकरार वर्षाचा करावा लागे, आणि खेळाडूला वरच्या श्रेणीत बोलावणे किंवा नारळ मिळणे हे एका फोनवर होई. रात्री फोन येई आणि सकाळी तो बॅट आणि पिशव्या गाडीत टाकून निघालेला असे. मागे राहिलेल्या भाड्याचे काय, ते त्याचे त्यानेच पाहावे. परिणामी पाच-सहा जण दोन खोल्यांत हवेच्या गाद्या पसरून राहत. यजमान कुटुंबांमुळे या ओढाताणीतून सुटका होई. रात्री अकराला, आणि बाहेरगावचा दौरा असेल तर पहाटे बसमधून उतरून आलेल्या मुलासाठी झाकून ठेवलेले जेवण, तळघरातील खोली, लाल मातीने माखलेले कपडे धुण्याचे यंत्र, कधी वापरायला जुनी गाडी, अशी ती सोय असे. स्पॅनिशभाषक मुलांना बँकेत खाते उघडण्यापासून डॉक्टरशी बोलण्यापर्यंत सगळीकडे हेच लोक सोबत जात. पुण्यात पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, त्याची मराठी वाचकाला येथे आठवण होईल. फरक इतकाच की त्या विद्यार्थ्याच्या शिक्षणावर नफा कमावणारा कोणी मालक पाठीशी उभा नव्हता.

ही फट उघडी पडली ती कोविडच्या साथीच्या काळात. २०२० चा मायनर लीगचा हंगाम रद्द झाला आणि २०२१ मध्ये संसर्गाच्या भीतीने खेळाडूंना यजमान कुटुंबांकडे राहण्यास मनाई करण्यात आली. पगार थोडा वाढवलेला होता, पण घरे एकदम नाहीशी झाली. गाडीत झोपणाऱ्या खेळाडूंच्या कहाण्या वृत्तपत्रांत येऊ लागल्या. ‘ॲडव्होकेट्स फॉर मायनर लीगर्स’ या संघटनेने हा प्रश्न हाती घेतला, तर किमान वेतनाबाबतचा २०१४ पासूनचा एक खटला आधीच न्यायालयात होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये मेजर लीगने जाहीर केले की पुढील हंगामापासून बहुतेक खेळाडूंच्या निवासाची सोय मूळ संघच करतील. फर्निचर असलेले घर, प्रत्येकाला स्वतंत्र पलंग, एका खोलीत दोघांहून अधिक नाहीत आणि वीज-पाण्याचे बिल संघाकडे, असे नियम ठरले. २०२२ मध्ये त्या खटल्यात १८.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्याच वर्षी मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या खेळाडू संघटनेत सामील झाले, आणि मार्च २०२३ मधील पहिल्या सामूहिक कराराने खालच्या ‘ए’ श्रेणीचा वार्षिक किमान पगार ११,००० वरून २६,२०० डॉलरवर नेला.

यजमान कुटुंबांवर या बदलांत बंदी आली नाही, पण मेजर लीगच्या मूळ संघांशी संलग्न असलेल्या मायनर लीग संघांना त्यांची पूर्वीसारखी गरज उरली नाही. वर्षानुवर्षे मुले सांभाळलेल्या काही घरांना याची चुटपुट लागली असेल, आणि ती समजण्यासारखी आहे. तरी खेळाडूच्या बाजूने पाहता, हक्काची खोली ही मेहेरबानीच्या खोलीपेक्षा केव्हाही बरी, मग यजमान कितीही प्रेमळ असोत. प्रथा मात्र संपलेली नाही. २०२१ मधील फेररचनेत संलग्न संघांची संख्या १६० वरून १२० वर आली, तेव्हा वगळलेल्या ॲपलाचियन लीगचे रूपांतर महाविद्यालयीन खेळाडूंच्या उन्हाळी लीगमध्ये झाले. केप कॉडसह अशा सर्व लीगमध्ये आजही घरे शोधावीच लागतात. त्यासाठी क्लबचे स्वयंसेवक हंगामाच्या कितीतरी आधीपासून ओळखीपाळखीच्या दारांवर जातात, आणि एका घराने होकार दिला तर तेथे एकाऐवजी दोन मुले राहू शकतील का, हेही विचारून घेतात.