पार्श्वगायनातले जुने आणि नवे : तुलनेमागची पार्श्वभूमी

चाळीसच्या दशकात मुंबईत एका निर्मात्याने एका नवोदित गायिकेला, आवाज फार पातळ आहे म्हणून नाकारले होते. तेव्हा कानांना सवय होती भरदार, मैफलीच्या वळणाच्या आवाजांची. पुढे तोच पातळ आवाज मापदंड झाला आणि नंतर आलेल्या प्रत्येकीला त्याच्या शेजारी उभे करून मोजले गेले. पार्श्वगायनात जुने गायक श्रेष्ठ की नवे, हा वाद इतका जुना आहे. मधल्या काळात गाणे तयार करण्याची पद्धत मात्र मुळापासून बदलली, आणि तुलना करताना आपण नेमकी तीच विसरतो.

आरंभीचा काळ थोडक्यात. १९३१ च्या पहिल्या बोलपटापासून नटनट्या कॅमेऱ्यासमोरच गात. १९३५ मध्ये कलकत्त्यात गाणे आधी ध्वनिमुद्रित करून मग पडद्यावर ओठ हलवण्याची रीत सुरू झाली. पार्श्वगायक जन्माला आला तो निनावीच. १९४९ साली गाजलेल्या एका गाण्याच्या तबकडीवर गायिकेऐवजी पडद्यावरच्या पात्राचे नाव छापले होते. चित्रपटसृष्टीतल्या मानाच्या वार्षिक पुरस्कारांत पार्श्वगायनाला जागा मिळाली १९५९ मध्ये, तीही स्त्री-पुरुष मिळून एकच. दोन वेगळे पुरस्कार व्हायला १९६८ उजाडले.

साठच्या दशकातला एक वाद मात्र सविस्तर सांगायला हवा. 'रॉयल्टी' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. गाण्यापोटी एकदाच मिळते ते मानधन. तबकडी खपेल तसतसा येत राहणारा हिस्सा ती रॉयल्टी. रेकॉर्ड कंपनीकडून ती निर्मात्याकडे जाई, काही मोठ्या संगीतकारांनाही वाटा मिळे. गायकाला त्यातले काही नाही. त्या काळातल्या आघाडीच्या गायिकेने हा वाटा मागितला. आघाडीच्या गायकाचे मत उलट होते: पैसा निर्मात्याचा, जोखीमही त्याची, ठरलेले मानधन घेतले की आपला व्यवहार संपला. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते, पण गोष्ट इतकी ताणली गेली की काही वर्षे दोघांनी एकत्र गाणेच बंद केले. १९६७ च्या सुमारास समेट झाला. मधल्या काळात द्वंद्वगीतांसाठी दुसऱ्या आवाजांना बोलावणी गेली, आणि एरवी दोन नंबरला राहिलेल्या गायक-गायिकांची काही उत्तम गाणी त्या पोकळीत झाली.

त्या गायकाचे मोठे मन मान्य करूनही मला गायिकेची मागणीच रास्त वाटते. नावाजलेला माणूस मानधन वाढवून घेऊ शकतो. एका गाण्याने घरोघरी पोचलेला आणि मग विसरला गेलेला गायक काय करणार? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात त्याच्यासाठी काहीच नव्हते. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंत म्हणून गायकाला हक्क दिला, पण चित्रपटात गाणे घ्यायला एकदा संमती दिली की तो हक्क उरत नसे. व्यापारी वापराची रॉयल्टी गायकालाही मिळावी, हे कायद्यात आले २०१२ मध्ये. म्हणजे मागणीनंतर जवळपास पन्नास वर्षांनी. याच गायिकेने १९७० च्या सुमारास, नव्यांना संधी मिळावी म्हणून तो वार्षिक पुरस्कार यापुढे घेणार नाही असे जाहीर केले होते. जुन्यांनी नव्यांची वाट अडवली, एवढेच सांगितले जाते तेव्हा ही बाजू गळून पडते.

आता पद्धतीबद्दल. ताडदेवचा स्टुडिओ, समोर पन्नास-साठ वादक, काचेच्या केबिनमध्ये गायक. हातात स्वतःच्या अक्षरात उतरवलेले गाणे. श्वास कुठे घ्यायचा, हरकत कुठल्या अक्षरावर घ्यायची, याच्या त्यावर पेन्सिलीने केलेल्या खुणा. दुसऱ्या अंतऱ्यात एखादे व्हायोलिन घसरले की सगळ्यांनी पुन्हा मुखड्यापासून. त्या दमसासाला आणि एकाग्रतेला आपण आज 'गोडवा' म्हणतो.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि कायद्यातल्या सवलतीचा आधार घेत जुन्या गाण्यांच्या 'व्हर्जन' कॅसेटींचा, म्हणजे तीच गाणी दुसऱ्या आवाजांत पुन्हा गाऊन काढलेल्या कॅसेटींचा, पूर आला. नव्वदच्या दशकातले काही मोठे गायक तिथूनच आले. जुन्यांसारखा आवाज काढता येतो म्हणून त्यांना पहिले काम मिळाले, आणि त्याच कारणासाठी 'नक्कल' हा शिक्काही. मग ट्रॅक रेकॉर्डिंग (वाद्ये आणि आवाज वेगवेगळे ध्वनिमुद्रित करणे), संगणकावरचे संगीत, १९९५ पासून दूरचित्रवाणीवरच्या गायनस्पर्धा, १९९७ मध्ये सूर यंत्राने दुरुस्त करणारे ऑटो-ट्यून. आजचा गायक हेडफोन लावून एकटा गातो, ओळीओळीने. चुकलेला शब्द तेवढाच 'पंच' होतो, म्हणजे पुन्हा गाऊन त्याच जागी बसवला जातो. द्वंद्वगीतातले दोघे एकमेकांना न भेटताही गाणे पुरे होते. शिवाय पडद्यावर ओठ हलवणेही कमी झाले. एका नायकाचा एकच आवाज हे नाते तुटले आणि त्याबरोबर गायकाची वर्षानुवर्षांची ओळखही.

यात नव्यांचा दोष कुठे आहे? सुराची दुरुस्ती यंत्राने होते म्हणून त्यांना सूर लागत नाही असे होत नाही. त्यांच्यातल्या अनेकांची शास्त्रीय तयारी चोख आहे. मंचावर वादकांसोबत दोन-दोन तास गाताना ती दिसते.

'डबिंग'चा अर्थही असाच उलटला आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत एखादी नवोदित गायिका चित्रीकरणापुरते गाणे गाऊन ठेवी, आणि मोठ्या गायिकेला सवड झाली की तेच गाणे तिच्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित होई. कधीतरी निर्मात्याला पहिलाच आवाज भावे आणि तो तसाच राही. काही कारकिर्दी अशा सुरू झाल्या. आज एकच गाणे तीन-चार जणांकडून गाऊन घेतात आणि शेवटी एकाचा आवाज ठेवतात. नावाजलेले गायकही यातून सुटत नाहीत. आपला आवाज राहिला की गेला, हे गाणे प्रसिद्ध झाल्यावरच समजल्याचे अनेकांनी उघडपणे सांगितले आहे. २०१२ ची रॉयल्टी मिळते ती प्रसिद्ध झालेल्या आवाजाला. बाकीच्यांचे ट्रॅक संगणकातल्या एखाद्या फोल्डरमध्ये पडून राहतात.