रातोरात लंगडणारा घोडा

‘रातले चांगला व्हता, सकायले पाय टेकसच नही.’ शहादा-शिरपूर भागातला घोडेवाला पशुवैद्याला असा फोन करतो, तेव्हा हाड मोडलं याची त्याला जवळजवळ खात्री झालेली असते. घोडा पुढचा एक पाय उचलून उभा असतो, अंगाला घाम फुटलेला, चंदीकडे, म्हणजे रोजच्या दाण्याकडे, ढुंकून बघत नाही. पायावर मात्र ना जखम, ना वाकडेपणा. खांदा चेपून बघतात, तेल चोळतात, कुणी डाग द्यायलाही सांगतो. दुखणं बहुतेक वेळा तिथं नसतंच. ते सगळ्यात खाली, खुराच्या आत असतं. तिथं पू झालेला असतो.

इतकासा पू एवढ्या मोठ्या जनावराला तीन पायांवर का आणतो, हे समजायला खुराची रचना बघावी लागते. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर चालतो आणि खूर म्हणजे त्या मधल्या बोटाचं नख. बाहेरची भिंत केराटिनची, म्हणजे आपल्या नखाच्याच द्रव्याची. तिच्यात नसा नाहीत, रक्त नाही, म्हणून तर नालबंद तिच्यात खिळे ठोकू शकतो. पण या कवचाच्या आत बोटाचं शेवटचं हाड आहे आणि हाड व कवच यांच्यामध्ये रक्तवाहिन्या आणि नसांनी भरलेला जिवंत थर. जंतू त्या थरापर्यंत पोचले की शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं, पू तयार होतो आणि दाब वाढत जातो. ज्याला नखुरडं झालंय त्याला ही ठणक ठाऊक आहे. आपलं बोट निदान एका बाजूला सुजतं तरी, कडक खुरात पुवाला पसरायला जागाच नसते. त्यात घोड्याच्या वजनातला सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर. चारशे किलोचं जनावर पाऊल टाकतं तेव्हा त्या पायावरचा भार त्या चमचाभर पुवावर येतो.

जंतूंना वाट बहुधा एकाच ठिकाणी मिळते. खूर उलटा करून स्वच्छ केला तर बाहेरची भिंत आणि तळवा यांच्या सांध्यावर एक फिकट रेघ दिसते, तिला पांढरी रेघ म्हणतात. भिंतीपेक्षा ही जागा मऊ. पाणी शोषून खूर फुगतो, वाळला की आकसतो आणि असं वारंवार झालं की ही रेघ सैल पडते. खान्देशात याला लागणारं सगळं हाताशी आहे. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, खूर दगडासारखे होतात. मग आषाढात तापी-गिरणेकाठची काळी माती खुरात गच्च बसते आणि दिवसचे दिवस निघत नाही. कापूस निघाल्यावर शेतात उरलेले पऱ्हाटीचे तिरपे खुंट आणि वेड्या बाभळीचे काटे तळव्यात सरळ घुसतात. लग्नसराईत डांबरी रस्त्यावर डीजेसमोर नाचवलेल्या घोडीच्या तळव्याला आतून मुका मार बसतो, रक्त साकळतं आणि पुढे तिथंच पू धरतो. नालेचा एखादा खिळा आतल्या थराच्या फार जवळून गेला तरी तेच. त्यामुळे नाल मारल्यावर काही दिवसांत घोडा लंगडला, तर आधी त्या खिळ्यांवर संशय घ्यावा.

घरच्या घरी दोन गोष्टी तपासता येतात. दोन्ही पुढच्या खुरांवर हात ठेवून बघा, दुखरा खूर बऱ्याचदा स्पष्ट गरम लागतो. मग घोट्याच्या मागे, दोन्ही कडांना बोटं ठेवून नाडी शोधा. निरोगी घोड्यात ती सहज सापडत नाही, इथं मात्र बोटाखाली ठणठण उडते. पशुवैद्य याच्या पुढे जातो. तो मोठ्या चिमट्यानं खूर थोडाथोडा दाबत जातो आणि घोडा कुठल्या जागी पाय झटकतो ते पाहतो. नाल काढून तळवा हलक्या हातानं तासला की कधीकधी बारीक काळी रेघ दिसते. तिचा माग काढत गेलं की राखाडी-काळा, पातळ, घाण वासाचा पू बाहेर येतो. बऱ्याचदा त्याच दिवशी घोडा पाय टेकू लागल्याचं बघायला मिळतं.

भोक लहान असलेलं बरं, निचरा होईल एवढंच. उत्साहाच्या भरात तळव्याला रुपयाएवढं खिंडार पाडलं तर आतला जिवंत थर त्यातून बाहेर फुगतो आणि चार दिवसांचं दुखणं महिन्यावर जातं. पू सापडत नसेल तर खणत बसू नये. खूर शेकून मऊ करावा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघावं.

इंजेक्शनच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. डॉक्टर आला आणि सुई टोचली नाही तर आपल्याकडे फी वाया गेल्यासारखं वाटतं. पण साध्या, खुरापुरत्या गळवात प्रतिजैविकाचा उपयोग थोडाच. रक्तातून जाणारं औषध कोंडलेल्या पुवात पुरेसं पोचत नाही. उलट गळू धड पिकत नाही, धड बरं होत नाही. ताप आला, सूज घोट्याच्या वर चढली, पू हाडापर्यंत किंवा सांध्यापर्यंत पोचला, तर गोष्ट वेगळी. वेदनाशामक देऊच नये असं मात्र मी म्हणणार नाही, ठणकणाऱ्या जनावराला तसंच ठेवणं क्रूरपणाचं आहे. ते तपासणीनंतर, वजन पाहून, पशुवैद्यानं द्यावं, कारण जास्त मात्रेनं घोड्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडाला इजा होते. घरातली माणसाची डायक्लोफेनॅक तर अजिबात नको. औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली, म्हणून जनावरांसाठी तिच्यावर २००६ मध्ये भारतात बंदी आली.

एक सुई मात्र चुकवायची नाही, धनुर्वाताची. त्याच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि खुद्द घोड्याच्या लिदीत असतात आणि त्यांना हवा नसलेली खोल जखम लागते. खुरातलं भोक म्हणजे तीच जागा. पाळीव जनावरांत या रोगाला सगळ्यात लवकर बळी पडणाऱ्यांत घोडा येतो. अंग लाकडासारखं ताठ, शेपूट उचललेली, जबडा आवळलेला, डोळ्याच्या कोपऱ्यातून तिसरी पापणी पुढे आलेली, अशा अवस्थेला गेलेले बहुतेक घोडे वाचत नाहीत. माणसासाठीचं धनुर्वाताचं प्रतिविष अनेक दशकं घोड्यांच्याच रक्तातून काढलं जात होतं, आणि आपल्याकडे लग्नाच्या घोडीला लस टोचलीय का हे मालकाला आठवत नाही.

पू निघाला की डॉक्टर जातो आणि खरं काम मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याच्या, अंगावर येतं. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात एप्सम सॉल्ट आणि थोडं पोव्हिडोन आयोडीन घालून खूर पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवायचा, दिवसातून एक-दोनदा, दोन-तीन दिवस. त्याहून जास्त दिवस भिजवला तर खूर भुसभुशीत होतो आणि नव्या गळवाची तयारी होते. घोडा पाय बादलीत ठेवत नसेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा खाली बांधून त्यात पाणी भरता येतं. नाहीतर गव्हाचा कोंडा, एप्सम सॉल्ट आणि गरम पाणी यांचं पोटीस. ते खुराखाली धरून वर लहान मुलाचं डायपर आणि त्यावर चिकटपट्टी. डायपर खुराला बेतलेलं असावं असं बसतं. चिकटपट्टी मात्र खुरावरच राहू द्या. वर केसांच्या कडेला आवळून बांधली तर रक्तपुरवठा अडतो. पट्टी रोज बदलायची, ओली झाली तर लगेच.

स्राव थांबला की भिजवणं बंद. आता कोरडेपणा हवा. भोकात आयोडीनचा बोळा ठेवून खूर झाकायचा, जागा कोरडी आणि टणक होईपर्यंत. पावसाळ्यात गोठ्यात कोरडी जागा सापडणं हेच अवघड, त्यासाठी भुसा किंवा कोरडं पाचट जाड पसरून रोज लीद उचलावी लागते. घोडा उभाच आहे म्हणून चंदी निम्म्यावर आणायची, कडबा आणि पाणी भरपूर. काम नसलेल्या घोड्याला नेहमीइतका दाणा पचत नाही, पोटशूळ उठतो.

दुसऱ्या बाजूच्या पायाकडेही लक्ष ठेवावं लागतं. तो दुप्पट भार वाहत असतो आणि हे लांबलं तर त्याच्या खुरात हाड आणि भिंत यांना जोडणारा थर सुजून सुटू लागतो. २००६ ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली शर्यत जिंकलेल्या बार्बारो घोड्याचा मोडलेला पाय सांधत आला होता, पण मुख्यतः दुसऱ्या खुरांतल्या या आजारानं जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावं लागलं. गळवात इतकी वेळ क्वचित येते. पण निचरा होऊन दोन दिवसांत फरक नाही, किंवा त्याच खुरात पुन्हा पुन्हा पू होतो, तर एक्स-रे काढायलाच हवा.

आणि तळव्याच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागात खिळा घुसलेला दिसला, तर तो शक्यतो उपटू नका. त्या जागेच्या मागे सांधा आणि स्नायुबंध आहेत. खिळा जागेवर असताना एक्स-रे निघाला तर तो कुठवर गेलाय ते कळतं. पाय टेकू देऊ नका आणि डॉक्टरला बोलवा, १९६२ या क्रमांकावरून फिरतं पशुवैद्यकीय पथकही मागवता येतं. हे रात्रीवर टाकायचं काम नाही.

कधी कुणीच काही करत नाही आणि पू आपली वाट आपण काढतो. भिंतीच्या आतून वर चढत तो खुराच्या वरच्या कडेला, केस सुरू होतात तिथं फुटतो. घोड्याला आराम पडतो, पण त्या जागी भिंतीत आडवी चीर राहते. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो, तेवढीच ती चीर खाली सरकते. सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे बहुतेक डिसेंबरात भरते. तिथं घोडा बघताना वरच्या कडेपासून तीन-चार सेंटिमीटर खाली अशी चीर दिसली, तर तो पू श्रावणाच्या आसपास फुटलेला. एका चिरेवरून सौदा मोडायचं कारण नाही, खूर वाढेल तशी ती खालून तासली जाईल. एकाच खुरात वेगवेगळ्या उंचीवर दोन-तीन दिसल्या, तर मात्र पैसे मोजण्याआधी एक्स-रे काढून घ्यावा.