जळलेलं प्लायवूड, बिडाचे तुकडे आणि शाईची रेघ: बडोद्याच्या अमूर्त कलेची पार्श्वभूमी

बडोद्याच्या आधुनिक चित्रकलेचा माग काढत गेलं की वाटेत इंदूर लागतं. नारायण श्रीधर बेंद्रे मूळचे तिथले, देवळालीकर मास्तरांच्या तालमीतले. 1950 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला शाखा सुरू झाली. तिथला चित्रकला विभाग बेंद्र्यांनी उभा केला, तर शिल्पकला विभाग रामकिंकर बैज यांचे शिष्य संखो चौधुरी यांनी.

1962 साली भावनगरात जमलेल्या 'ग्रुप 1890' या कलाकारांच्या गटातल्या बारा जणांत बडोद्याशी नातं असलेले बरेच होते. त्यांपैकी जेराम पटेल आणि राघव कनेरिया यांच्या कामाकडे पाहिलं की बडोद्यात अमूर्ताचा विचार किती वेळा साहित्याच्या, म्हणजे लाकूड-लोखंडासारख्या सामग्रीच्या अंगाने झाला, ते कळतं.

जेरामभाईंनी प्लायवूड ब्लो टॉर्चने जाळलं, कोरलं. हे ऐकायला सोपं वाटतं. पण प्लायमधले थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. ज्योत एका जागी रेंगाळली की आतला डिंक सुटतो, फोड येतात आणि वरचा पापुद्रा उचलला जातो. एकच बाजू भाजली तर ती सुकून आक्रसते आणि फळी वाकते. सुटा कोळसा तारेच्या ब्रशने काढला नाही, तर त्यावरचं वॉर्निश काजळीलाच धरतं आणि तिच्यासकट निघून येतं. काळा खड्डा किती खोल जाऊ द्यायचा, हा निर्णय काही सेकंदांत घ्यावा लागतो. माझ्या मते त्या चित्रांचा ताण याच घाईत आहे.

कनेरियांनी भंगारातलं लोखंड वेल्डिंगने जोडलं. भंगारात बीड (ओतीव लोखंड) आणि साधं पोलाद एकत्र येतं, आणि गोची तिथेच होते. बिडात कार्बन जास्त. जोड भरभर गार झाला की त्याच्या शेजारीच तडा जातो. म्हणून तुकडा आधी तापवायचा आणि नंतर राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून सावकाश निवू द्यायचा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तर आधी घासूनच घ्यावा, त्याचा धूर बाधतो.

1972 पासून नसरीन मोहमदी याच ललित कला शाखेत शिकवत होत्या. पेन्सिल, शाई आणि आरेखनाची साधनं यांतून त्यांनी केवळ रेषांची चित्रं घडवली. रूलिंग पेन, म्हणजे रेघा ओढायचं दोन पात्यांचं पेन, ज्याने धरलंय त्याला त्यातले कष्ट कळतील. दोन पात्यांमध्ये शाई पाच-सहा मिलिमीटरच भरायची. जास्त झाली तर पहिल्याच टेकणीला ठिपका पडतो, कमी झाली तर रेघ मध्येच तुटते. पट्टीची कड कागदाला चिकटली की शाई तिच्याखाली ओढली जाते, म्हणून कड किंचित उचललेली हवी. पावसाळ्यात दमट कागदावर तीच रेघ कडेने फुटते. शेजारची रेघ ओढण्याआधी पहिली पूर्ण वाळू द्यावी लागते, आणि एका चित्रात अशा रेघा शेकड्यांनी असतात.