मांड्यांतला जोर गेला: 'डी' कमी की सार्कोपेनिया?

घरातल्या आजींना जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जिन्याचा कठडा सोडवत नाही, असं झालं की दोनपैकी एक निदान घरातच होतं. 'वय झालं, आता असंच चालायचं' किंवा 'डी कमी असेल, पुड्या आणा.' दोन्ही कधी ना कधी खरी असतात. पण एकाच्या जागी दुसरं धरलं की बरं होणारं दुखणं अंगावर काढलं जातं, नाहीतर पुड्यांच्या भरवशावर व्यायामाची वर्षं वाया जातात.

घोटाळा होण्याला कारण आहे. 'डी' म्हणजे ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि सार्कोपेनिया, म्हणजे वयाबरोबर होणारी स्नायूंची झीज, या दोन्हींत स्नायूंमधले झटपट आकुंचन पावणारे 'टाइप २' तंतू जास्त बारीक होतात. खुर्चीतून चटकन उठायला, ठेच लागल्यावर तोल सावरायला हेच तंतू लागतात. त्यामुळे त्रास सारखाच दिसतो.

ड जीवनसत्त्व फारच घटलं की अशक्तपणा मुख्यतः कंबर, मांड्या आणि खांद्यांत येतो. उकिडवं बसलेल्या बाईला उठता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढताना हात भरून येतात, चाल डुलती होते. मात्र घट्ट झाकण ती बहुधा अजून फिरवू शकते, कारण पंजाची पकड बऱ्यापैकी टिकून असते. सोबत हाडं ठणकतात. नडगीवर अंगठ्याने दाबलं तरी कळ येते, कारण कॅल्शियम-फॉस्फरस पुरेसं न मिळाल्याने हाड मऊ पडलेलं असतं. याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात आणि त्याला वयाचं बंधन नाही. उन्हात क्वचितच जाणारी तिशीतली बाई, फिटसाठी वर्षानुवर्षे फेनिटॉइन घेणारा तरुण, आतड्यांत नीट शोषण न होणारा रुग्ण, कुणालाही तो होऊ शकतो. बंद काचेच्या खिडकीत ऊन खात बसण्याचाही उपयोग नाही. ज्या यूव्हीबी किरणांनी त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होतं, ते काच जवळजवळ सगळे अडवते.

सार्कोपेनिया हे नाव १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवलं. वयाबरोबर स्नायू आणि ताकद दोन्ही घटतात, तो हा प्रकार. तो सहसा दुखत नाही, म्हणून लक्षात यायला उशीर होतो. आजारपणात काही आठवडे अंथरुणावर गेले की मात्र एकदम जाणवतो. यात पकडही ढिली पडते. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांत पकडीची ताकद पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असेल, तर ती कमी धरतात. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद किंवा जास्त लागणं हीसुद्धा धोक्याची खूण. अर्थात ही उठबस दोन्हींत अवघड जाते, तेवढ्यावरून कारण कळत नाही.

मग रक्त तपासायचं, आणि खरी फसगत इथेच होते. २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डीचा, म्हणजे रक्तातल्या डीचा, आकडा मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली येणं आपल्याकडे फार सामान्य आहे. १७ आला म्हणून मांड्यांतला अशक्तपणा त्यामुळेच, असं सिद्ध होत नाही. आकडा खूपच खाली असेल आणि सोबत अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम व कॅल्शियमचं प्रमाण सांभाळणारं पॅराथायरॉइड हार्मोन वाढलेलं, फॉस्फरस घटलेलं असेल, तर संशय पक्का होतो. हा फरक अहवाल हातात देतानाच रुग्णाला सांगायला हवा, असं मला कळकळीने वाटतं.

खरी कमतरता असेल तर उपचार समाधान देणारा आहे. काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत माणूस आधाराशिवाय उठू लागतो. सार्कोपेनियात मात्र नुसत्या डीने स्नायू भरून येत नाहीत. अमेरिकेतल्या 'व्हायटल' चाचणीत २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज २,००० युनिट दिले. त्यांची हाडं मोडण्याचं प्रमाण घटलं नाही. त्यातल्या बहुतेकांत कमतरता नव्हती, हे लक्षात घ्यायला हवं. ऑस्ट्रेलियात तर सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिल्यावर पडणं आणि फ्रॅक्चर दोन्ही वाढले, असं २०१० मध्ये दिसलं. उलट बोस्टनच्या वृद्धाश्रमातल्या १९९४ च्या प्रयोगात, सरासरी ८७ वर्षांच्या लोकांनी १० आठवडे वजनाचा व्यायाम केला आणि त्यांची ताकद दुपटीहून वाढली. व्यायामाविना नुसतं पोषक पेय घेणाऱ्यांना त्याचा फायदा दिसला नाही.

दोन्ही एकाच माणसात असू शकतात. तेव्हा डीची भरपाई, पुरेशी प्रथिनं आणि वजनाचा व्यायाम हे सगळंच लागतं. ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी आठवड्याला एक सांगितली असेल तर ती रोज घेऊ नये. रक्तात कॅल्शियम चढून उलट्या, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. थायरॉइडचा विकार, स्टेरॉइड, कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्या यांनीही मांड्या ढिल्या पडतात, म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. आणि अशक्तपणा एकाच बाजूला किंवा अचानक आला असेल, तर 'डी'चा अहवाल येईपर्यंत थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.