पिस्तूल व रिव्हॉल्व्हरची काडतुसे

एका हाताने चालवता येणाऱ्या बंदुकांमध्ये, म्हणजे पिस्तूल व रिव्हॉल्व्हरमध्ये, वापरल्या जाणाऱ्या काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडातील आघाताने पेटणारी टोपी, आतली निर्धूम दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. कॅलिबर, किंवा भारतात रूढ असलेला शब्द वापरायचा तर बोअर, हे गोळीच्या अथवा नळीच्या व्यासाचे माप होय; ते मिलिमीटरमध्ये किंवा, .३८ सारखे दशांश चिन्हाने सुरू होत असल्यास, इंचांत दिलेले असते. काडतुसाची खरी ओळख मात्र व्यासाइतकीच पुंगळीची लांबी, तिच्या बुडाची घडण आणि दारू जळताना निर्माण होणारा दाब यांवर ठरते.

नावातील आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. ९ मिमी. पॅराबेलम, .३८० एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल), .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम या चारही काडतुसांच्या गोळ्यांचा व्यास ९.०२ ते ९.०७ मिमी.च्या दरम्यान असतो. तरीही पहिल्याची पुंगळी १९ मिमी., तर दुसऱ्याची १७ मिमी. लांबीची असल्याने ती एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. सोव्हिएत मकारोव्ह पिस्तुलाचे काडतूसही ९ मिमी.चेच म्हणवले जाते, पण त्याची गोळी सुमारे ९.२७ मिमी. जाडीची असते. .३८ स्पेशलच्या नावातला आकडा जुन्या, पुंगळीइतक्याच जाड गोळीच्या काडतुसांकडून वारशाने आला असून त्याच्या गोळीचा प्रत्यक्ष व्यास .३५७ इंच आहे. १९३०च्या दशकाच्या मध्यास आलेल्या .३५७ मॅग्नमची पुंगळी मुद्दाम सुमारे ३ मिमी.ने लांब ठेवण्यात आली. त्याचा कमाल दाब .३८ स्पेशलच्या साधारण दुप्पट असल्यामुळे ते जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये, हा त्यामागील हेतू होता. उलट दिशेने, म्हणजे मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल वापरण्यास, अडचण येत नाही.

जर्मनीत गेओर्ग लुगर यांनी १९०२ मध्ये ९ मिमी. पॅराबेलमची रचना केली आणि १९०८ मध्ये जर्मन लष्कराने ते स्वीकारले. आज ते जगात सर्वाधिक वापरले जाणारे लष्करी व पोलिसी पिस्तूल-काडतूस आहे. अमेरिकेची वाट वेगळी होती. फिलिपीन्समधील मोरो या मुस्लिम जमातींच्या लढवय्यांशी झालेल्या चकमकींत .३८ बोअरची रिव्हॉल्व्हर अपुरी पडल्याची तक्रार झाली आणि अमेरिकी लष्कराने मोठ्या गोळीचा आग्रह धरला. शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांचे .४५ एसीपी व १९११चे प्रसिद्ध पिस्तूल हे त्याचे फलित. ९ मिमी.ची सुमारे ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मी.च्या आसपास, तर .४५ची जवळपास १५ ग्रॅमची गोळी २५५ मी. वेगाने, म्हणजे ध्वनीपेक्षा सावकाश जाते. गणित मांडले, तर दोघींची गतिज ऊर्जा ४८० ते ४९० ज्यूलच्या घरात, जवळजवळ सारखीच येते. .४५मधला दाब कमी असला तरी जड गोळीमुळे हाताला धक्का अधिक बसतो आणि जाड काडतुसे मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलातील काडतुसांच्या खणात, कमी मावतात. ‘एका गोळीत माणूस थोपवण्याच्या’ ताकदीवरून शंभर वर्षे चाललेल्या वादात पुराव्यापेक्षा अभिनिवेशच जास्त दिसतो. १९८६ मध्ये मायामीत बँक लुटारूंशी झालेल्या चकमकीनंतर अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने आधी १० मिमी. आणि मग १९९० मध्ये आलेल्या .४० एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) काडतुसाचा अवलंब केला, पण २०१५ च्या सुमारास ती सुधारित गोळ्यांच्या ९ मिमी.कडे परतली.

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते व तिच्यावर ते चक्रातील भोकात अडकून राहते. पिस्तुलाची काडतुसे मॅगझिनमधून एकापाठोपाठ सरकावी लागत असल्याने त्यांपैकी बहुतेकांना अशी कडा नसते; तिच्याऐवजी पुंगळी ओढून काढण्यासाठी खाच असते. .२२ लाँग रायफल या काडतुसात वेगळी टोपी नसून पेट घेणारे मिश्रण कडेच्या पोकळीतच भरलेले असते. नावात रायफल असले तरी धक्का नगण्य असल्याने नेमबाजीच्या पिस्तुलांत ते सर्रास वापरतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलेला महिलांचा २५ मी. पिस्तूल प्रकार याच काडतुसाचा आहे.

भारतात ९ मिमी. पॅराबेलम सैन्य व पोलीस यांच्यासाठी राखीव, निषिद्ध बोअर मानले जाते. त्यामुळे परवानाधारक नागरिकांत .३२ बोअरचा प्रसार झाला. येथेही आकडा फसवा ठरतो, कारण सरकारी कारखान्यांत बनणाऱ्या .३२ रिव्हॉल्व्हरचे काडतूस २३ मिमी. पुंगळीचे, तर .३२ पिस्तुलाचे १७ मिमी.चे असते. म्हणून काडतूस घेताना केवळ परवान्यावरील बोअर पाहून भागत नाही. शस्त्रावर कोरलेले काडतुसाचे पूर्ण नाव आणि डब्यावरील नाव तंतोतंत जुळावे लागते.